मोडलेल्या रेडमधून डेटा सोडवताना

जूनमधली गोष्ट. संध्याकाळी सहकारनगरहून मामांचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटर चालू होतोय, पण ते मोठं ड्राइव्ह दिसत नाहीये. जवळच्या दुकानातला मुलगा येऊन गेला. एक डिस्क काढून त्याने त्याच्या लॅपटॉपला लावली, तर लॅपटॉप म्हणतोय इनिशियलाइज करा. उद्या येऊन करून देतो म्हणाला."

मी म्हटलं, "मामा, आधी मशीन बंद करा. आत्ता, फोन चालू असतानाच. आणि त्या मुलाला सांगा, उद्या येऊ नकोस."

"अरे, पण त्यात आईच्या ओव्या आहेत."

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामांनी कॅसेटवरून एक एक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. शिवाय घरातले चाळीस वर्षांचे फोटो स्कॅन केलेले. हे सगळं दोन टीबीच्या चार डिस्क जोडून केलेल्या रेड ५ वर. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच मोठी डिस्क म्हणून वापरायची सोय, आणि अशा जोडलेल्या संचाला म्हणतात अ‍ॅरे. तो मीच बसवून दिला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नव्हती. तो डेटा कसा काढला ते इथे क्रमाने सांगतो. माझा अनुभव असा, की घरगुती अ‍ॅरेतला डेटा डिस्क बिघडल्यामुळे जितका जातो, त्याहून जास्त पहिल्या तासाभरात माणसाने घाईघाईने दाबलेल्या बटणांमुळे जातो.

कमांडची नावं मी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, आणि एंटर मारण्याआधी मॅन कमांडने त्या त्या कमांडचं पान उघडून पर्याय पडताळायचे.

पहिला तास: काय करायचं नाही

मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. विंडोजने "इनिशियलाइज करू का" किंवा "फॉरमॅट करू का" असं विचारलं तर कॅन्सल. चेकडिस्क नाही, एफएससीके नाही, म्हणजे विंडोजचं किंवा लिनक्सचं फाइल सिस्टिम दुरुस्त करणारं कुठलंच हत्यार नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन डिस्कचा मोड रेडचा एएचसीआय (सुट्या डिस्कचा साधा मोड) करून बघणं नाही. नवी डिस्क लावून रिबिल्ड तर मुळीच नाही. रिबिल्ड म्हणजे उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कण न् कण वाचून नवीन डिस्क लिहिणं. ज्या डिस्क एकाच दिवशी विकत घेतल्या आणि तितकीच वर्षं सारख्याच फिरल्या, त्यातली एक गेली असेल तर बाकीच्यांना या घडीला इतकी मेहनत करायला लावणं शहाणपणाचं नाही.

डिस्क टक-टक असा ठरावीक आवाज करत असेल, किंवा फिरतच नसेल, तर बिघाड यांत्रिक आहे. तिला पुन्हा करंट देऊ नका. फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना तोडगा तुम्हीही ऐकला असेल. पुण्यातल्या पावसाळी हवेत थंड डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं आणि उरलीसुरली आशा संपते. सारख्या मॉडेलच्या डिस्कची हिरवी सर्किटची पट्टी काढून बसवण्याचाही उपयोग होत नाही, कारण त्या पट्टीवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची स्वतःची मोजमापं साठवलेली असतात. अशी डिस्क क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या लॅबचं काम. जाण्याआधी तीन प्रश्न विचारा: तपासणीचे पैसे वेगळे का, डेटा निघाला नाही तर काय, आणि पैसे देण्याआधी फाइलींची यादी दाखवणार का. अनेक डिस्कचं काम असेल तर पाच आकड्यांची तयारी ठेवून जा.

आता मोबाइल काढा आणि फोटो घ्या. कोणती केबल मदरबोर्डच्या कोणत्या पोर्टमध्ये आहे, प्रत्येक डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर, स्क्रीनवरचा एरर, बायोसचं स्टोरेजचं पान. मग मार्करने डिस्कवर खुणा करा. मी क, ख, ग, घ लिहिलं. लिनक्समध्ये डिस्कला मिळणारं अक्षर दर वेळी बदलू शकतं, सिरियल नंबर बदलत नाही. म्हणून खूण नेहमी सिरियल नंबरशी बांधायची.

आपल्याकडे नेमकं आहे काय

रेड हा शब्द एकच असला तरी त्याखाली पाच-सहा वेगवेगळे संसार आहेत. विंडोजचं स्टोरेज स्पेसेस, मदरबोर्डवरचा इंटेलचा रेड, लिनक्सचा एमडी रेड, वेगळं हार्डवेअर कार्ड, किंवा नॅसचा, म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवायचा, डबा. सिनॉलॉजीसारख्या डब्यात आतून लिनक्सचाच एमडी रेड असतो, त्यामुळे डबा जळाला तरी त्यातल्या डिस्क साध्या उबुंटू लिनक्सवर वाचता येतात. हे माहीत नसल्यामुळे लोक तेच मॉडेल शोधत महिनाभर फिरतात.

मग लेव्हल. रेड १ म्हणजे दोन सारख्या प्रती; एक धड असली तरी भागतं. रेड ० मध्ये सुटका नाही, सगळ्या डिस्क वाचता आल्याच पाहिजेत. नावात रेड असूनही त्यात जादाची प्रत नसतेच. रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी तगतो. रेड १० मध्ये कोणत्या दोन गेल्या यावर सगळं अवलंबून.

रेड ५ जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. समजा तीन डिस्कवर ११०, ०११ आणि १०० हे बिट आहेत. उभ्या रकान्यांत एक किती वेळा आला ते मोजायचं. सम असेल तर ०, विषम असेल तर १. पहिल्या रकान्यात दोनदा, दुसऱ्यात दोनदा, तिसऱ्यात एकदा. म्हणून चौथ्या डिस्कवर लिहायचं ००१. ही पॅरिटी. आता ०११ वाली डिस्क गेली. उरलेल्या ११०, १०० आणि ००१ यांचे रकाने तसेच मोजा: ०११ परत हातात. एक गेली तर हे गणित सुटतं. दोन गेल्या तर दोन अज्ञात आणि समीकरण एकच, नाही सुटत. प्रत्यक्षात पॅरिटी एकाच डिस्कवर नसते, चारही डिस्कवर आळीपाळीने फिरते. ही गोष्ट शेवटी कामाला येणार आहे.

(१९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ही कल्पना नीट मांडली तेव्हा रेडमधल्या आयचा अर्थ "स्वस्त" असा होता. पुढे त्याचं "स्वतंत्र" झालं.)

आधी केबल, मग डिस्क

मामांच्या चारही डिस्क अँटिस्टॅटिक पिशव्यांत घालून, वर जाड टॉवेल गुंडाळून कोथरूडला माझ्या घरी आणल्या. पाऊस होता, म्हणून रिक्षाने. फिरत्या तबकड्यांच्या डिस्क स्कूटरच्या डिकीत टाकून खड्ड्यांतून आणू नयेत हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह करा, म्हणजे मशीन थेट तिच्यावरूनच सुरू होईल. मी उबुंटूची वापरतो. सिस्टमरेस्क्यू हाताशी असेल तर तीही चांगली, तिच्यात लागणारी बहुतेक हत्यारं आधीच असतात. एक नियम मात्र काटेकोर पाळा: मूळ डिस्क एका वेळी एकच जोडायची. लाइव्ह लिनक्सला सगळ्या डिस्क एकत्र दिसल्या तर तो आपणहून अ‍ॅरे जुळवून कामाला लागू शकतो. चारांतली एकटी डिस्क दिसली तर त्याला काही सुरूच करता येत नाही. जोडल्यावर लगेच ब्लॉकडेव्ह कमांडच्या सेटआरओ पर्यायाने ती फक्त वाचण्यापुरती करून टाका.

मग स्मार्टसीटीएल चालवून प्रत्येक डिस्कची तब्येत बघा. "पास्ड" या शब्दावर विसंबू नका, मरणाच्या दारातल्या डिस्कही पास होतात. मी चार आकडे बघतो. ५ क्रमांकाचा गुणधर्म म्हणजे बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकाल लागायचा राहिलेले सेक्टर. १९८ त्याचाच भाऊ. आणि १९९ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेवर झालेल्या चुका. १९९ मोठा आणि बाकीचे शून्य, तर दोषी बहुतेक वेळा केबल असते, डिस्क नव्हे.

आमच्याकडे क आणि ख स्वच्छ. ग मध्ये १९७ चा आकडा ७२. घ मध्ये बाकी सगळं शून्य, १९९ मात्र हजारात. म्हणजे घ ही डिस्क धडधाकट होती, तिची साटा केबल सैल होती. एवढ्याशा केबलपायी हे रामायण! तपकीर गल्लीत जाऊन नव्या केबल आणायच्या म्हटलं, तर नेमक्या पालख्या पुण्यात मुक्कामाला. ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, आणि मधल्या पेठांमधले रस्ते बंद. दोन दिवस थांबलो. तोवर एका बऱ्या केबलवर नकलांचं काम सुरू केलं.

नकलेलाही अक्कल लागते

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात कंटाळवाणा. मूळ डिस्कवर काहीही करायचं नाही. तिची सेक्टर-सेक्टर नक्कल काढायची आणि पुढचे सगळे खेळ नकलेवर खेळायचे. साधी कॉपी किंवा डीडी इथे चालत नाही, कारण खराब सेक्टर आला की ते अडतात. हत्यार म्हणजे ग्नूचा डीडीरेस्क्यू. तो आधी सोपा भाग झरझर उचलतो, अवघड जागा नकाशाच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवतो आणि नंतर तिथे परत जातो. गुरुवारी महावितरणची वीज गेली, मशीन बंद पडलं, तरी त्याच नकाशाच्या फाइलीने सुरू केलं की जिथे थांबला तिथून पुढे. ही फाइल मात्र नकला ठेवतो त्या डिस्कवर ठेवा. लाइव्ह पेनड्राइव्हच्या डेस्कटॉपवर ठेवली तर विजेबरोबर तीही जाते.

कमांडमध्ये आधी मूळ डिस्क, मग नक्कल, मग नकाशा. क्रम उलटा झाला तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर ओतली जाईल. मी एंटर मारण्याआधी डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडमध्ये सिरियल नंबर दाखवून घेतो आणि बोट ठेवून मोठ्याने वाचतो. घरचे हसतात. हसू देत.

पहिली फेरी डी आणि एन या पर्यायांनी: थेट वाच, खरवडत बसू नकोस. पहिली फेरी पूर्ण झाली, की दुसरी फेरी एन वगळून आणि आर पुढे ३ देऊन: उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न कर. क आणि ख ला प्रत्येकी साधारण पाच तास लागले. ग ने पहिल्या फेरीत सगळं दिलं, फक्त ३६ केबी सोडून. तीन प्रयत्नांनंतर त्यातले २४ केबी सुटले. १२ केबी शेवटपर्यंत नाही. २ टीबीत १२ केबी म्हणजे डोंगरातला खडा, पण खडा कुणाच्या डोक्यात पडतो ते अजून कळायचं होतं.

जागेचा हिशोब आधी करा. मी ८ टीबीची एक डिस्क आणली, म्हटलं चार नकला बरोब्बर मावतील. नाही मावत! २ टीबीची डिस्क २,०००,३९८,९३४,०१६ बाइटची असते. चौपट केली की ८ टीबीच्या डिस्कपेक्षा ३२ एमबी जास्त भरते, आणि त्यावर फाइल सिस्टिमचा स्वतःचा खर्च वेगळा. शिवाय निघालेला डेटा ठेवायला आणखी एक डिस्क लागतेच. आम्ही क, ख, ग यांच्या नकला काढल्या आणि घ बाजूला ठेवली.

एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. नकलेत खराब जागा शून्यांनी भरलेली असते. म्हणजे मूळ डिस्क निदान "मला वाचता येत नाही" असं सांगत होती, नक्कल मात्र निमूट शून्यं देते आणि फाइल बिघडलीय हे कुणालाच कळत नाही. म्हणून डीडीरेस्क्यूचा फिलमोड पर्याय वापरून त्या खराब जागांत एखादा ओळखू येणारा मजकूर भरून ठेवा. नंतर निघालेल्या फाइलींत ग्रेपने तो मजकूर शोधला की कोणत्या फाइलीला भोक पडलंय ते सापडतं. यालाही मर्यादा आहे, ती पुढे येईलच.

डिस्कची जबानी

लिनक्सच्या अ‍ॅरेत प्रत्येक डिस्कवर एक छोटी नोंद असते, सुपरब्लॉक. हल्लीच्या १.२ आवृत्तीत ती डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर बसते. नकलेची फाइल डिस्कसारखी जोडणारी कमांड म्हणजे लोसेटअप; तिने नकलांना, आर पर्याय देऊन, फक्त वाचण्यापुरतं जोडा. अ‍ॅरे पार्टिशनवर बनवलेला असेल तर कॅपिटल पी पर्यायही द्या, म्हणजे आतली पार्टिशनं दिसतील. मग प्रत्येकीवर लिनक्सचा रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएमची एक्झॅमिन कमांड चालवून निकाल फाइलीत साठवा. घ ची जबानीही त्याच वेळी, फक्त वाचून, घेतली.

त्यात तीन ओळी बघायच्या. इव्हेंट्स म्हणजे अ‍ॅरेत झालेल्या घडामोडींचा क्रमांक. अपडेट टाइम म्हणजे शेवटची नोंद कधीची. आणि अ‍ॅरे स्टेट, ज्यात हजर डिस्कपुढे ए आणि गैरहजर डिस्कपुढे टिंब असतं.

क आणि ख: इव्हेंट्स ४८२१३, जूनची तारीख, दोन ए आणि दोन टिंबं.
ग: ४८२०७, जूनचीच तारीख, तीन ए आणि एक टिंब.
घ: ३१९६०, तारीख फेब्रुवारीची, चारही ए.

घ ची जबानी बघा. चारही हजर! घर सोडून गेलेल्या माणसाच्या मनात घर जसं सोडलं तसंच राहतं, तशी ही डिस्क. फेब्रुवारीत सैल केबलमुळे ती बाहेर पडली, तिच्या लेखी सगळं आलबेल आहे. चार महिने अ‍ॅरे तीन पायांवर उभा होता आणि कुणालाही पत्ता नव्हता, कारण बिघाडाची मेल पाठवायची सोय मी बसवतानाच "नंतर करू" म्हणून सोडली होती. जूनमध्ये ग ला खराब सेक्टर लागला आणि तीही गेली.

ग का बाहेर पडली तेही सांगतो, कारण घरोघरी हेच होतं. साध्या डेस्कटॉप डिस्कला खराब सेक्टर लागला की ती एक-दोन मिनिटंसुद्धा झगडत बसते. लिनक्स डीफॉल्टने ३० सेकंद वाट बघतो आणि मग ती मेलीच असं समजून बाहेर काढतो. नॅससाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मान्य करतात आणि बाकीच्या डिस्ककडून काम निभावतं. डिस्कला सोय असेल तर स्मार्टसीटीएलच्या एससीटीईआरसी पर्यायाला ७०,७० देऊन हेच करता येतं (तो आकडा सेकंदाच्या दशांशात असतो). नसेल तर त्या डिस्कसाठी लिनक्सचा टाइमआउट १८० सेकंद करा. म्हणजे "मेली" म्हणून बाहेर पडलेली डिस्क पुष्कळदा मेलेली नसते.

यावरून त्रिकूट ठरलं: क, ख, ग. ग फक्त सहा घडामोडी मागे आहे. घ सोळा हजारांहून जास्त मागे. तिला यात मिसळलं तर फेब्रुवारी आणि जूनची खिचडी होईल.

काचेवर लिहा, चित्रावर नाही

नकला काढायला पंधरा तास गेलेत, त्या एका चुकीच्या कमांडने घालवायच्या नाहीत. म्हणून त्यांच्यावर एक ओव्हरले टाकायचा. चित्रावर काच ठेवून काचेवर लिहावं तसं. वाचन नकलेतून होतं, लिखाण वेगळ्या फाइलीत जातं. चुकलं तर काच पुसायची.

प्रत्येक नकलेसाठी ट्रंकेटने एक विरळ फाइल करा, नावाला ५० जीबीची, प्रत्यक्षात लिहाल तेवढीच जागा खाणारी. तिलाही लोसेटअपने जोडा, इथे आर नको. मग डीएमसेटअपच्या क्रिएटला एक ओळ द्यायची: शून्य, एकूण सेक्टर, स्नॅपशॉट हा शब्द, नकलेचं लूप, ओव्हरलेचं लूप, कॅपिटल पी आणि ८. एकूण सेक्टर ब्लॉकडेव्हच्या गेटएसझेडने मिळतात. २ टीबीच्या डिस्कला ३९०७०२९१६८. पार्टिशन वापरत असाल तर त्या पार्टिशनचा आकडा घ्या, अख्ख्या डिस्कचा नाही.

जुळवणी

आता एमडीएडीएमला असेंबल, फोर्स आणि रन हे तीन पर्याय देऊन क, ख, ग चे ओव्हरले द्या. आमच्या स्क्रीनवर ओळ आली की ग चा इव्हेंट क्रमांक ४८२०७ वरून ४८२१३ केला. अ‍ॅरेची हालत सांगणारं प्रॉक-एमडीस्टॅट उघडलं तर तीन यू आणि एक खालची रेघ. चारांतल्या तीन डिस्कवर अ‍ॅरे उभा.

इथे फोर्सऐवजी क्रिएट देण्याचा मोह होतो, कारण इंटरनेटवर कुणीतरी "माझं याने झालं" असं लिहिलेलं असतं. क्रिएट नवीन सुपरब्लॉक लिहितं. डिस्कचा क्रम, चंकचा (एका डिस्कवर सलग जाणाऱ्या तुकड्याचा) आकार, मांडणी आणि डेटा कुठून सुरू होतो तो ऑफसेट, यातलं एक जरी चुकलं तरी आतला डेटा भाजीसारखा चिरलेला दिसतो. एमडीएडीएमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत हा ऑफसेट डीफॉल्टने वेगवेगळा येतो, त्यामुळे जुन्या अ‍ॅरेवर नवीन आवृत्तीने केलेलं क्रिएट हमखास चुकतं. सुपरब्लॉक पुसला गेला असेल आणि दुसरा इलाजच नसेल तर क्रिएट अज्यूमक्लीन पर्यायासह, आणि तेही फक्त ओव्हरलेवर.

अ‍ॅरेच्या आत एलव्हीएम (जागेचे भाग पाडणारा लिनक्सचा थर) असेल तर व्हीजीचेंजने तो जागा करा. मग माउंट, म्हणजे आतल्या फाइली दिसतील असं जोडणं. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल तर तिला आरओ आणि नोलोड, एक्सएफएसला आरओ आणि नोरिकव्हरी. माउंट झालंच नाही, तर ओव्हरलेवर एफएससीके चालवायला हरकत नाही. आधी एन पर्यायाने, म्हणजे तो नुसता काय करणार ते सांगेल. यादी मैलभर लांब असेल तर थांबा. फाइल सिस्टिम बिघडलेली नसून तुमची जुळवणी चुकलेली असण्याची शक्यता जास्त.

फोल्डर दिसले की उघडून बघत बसू नका, आधी कॉपी. आरसिंकने, लॉग ठेवून, सगळ्यात मोलाचा फोल्डर पहिला. आम्ही आधी ओव्या, मग फोटो, मग मामांच्या सोसायटीची सतरा वर्षांची इतिवृत्तं (ती नसती मिळाली तर काही सभासद खूश झाले असते). एकूण सव्वादोन टीबी.

लिनक्सचा रेड नसेल तर

स्टोरेज स्पेसेस किंवा मदरबोर्डचा रेड असेल तरी नकलांपर्यंतचं सगळं हेच. इंटेलच्या रेडची नोंद डिस्कच्या शेवटाला असते, म्हणून नक्कल शेवटच्या सेक्टरपर्यंत पूर्ण हवी. जुळवणीसाठी मी सरळ यूएफएस एक्सप्लोरर किंवा आर-स्टुडिओ वापरीन. दोन्हींना नकलांच्या फाइली देता येतात आणि विकत घेण्याआधी आत काय सापडलं ते दिसतं. सगळंच फसलं तर फोटोरेक आहे, फुकट आहे, पण तो फाइलींची नावं आणि फोल्डर देत नाही. वीस हजार फोटो आणि एकाचंही नाव नाही, अशी लग्नघराच्या चपलांसारखी अवस्था होते. अ‍ॅरे नीट जुळलेला नसेल तर एका चंकहून मोठी फाइलही धड मिळत नाही.

निघालं ते खरं आहे का

कॉपी पूर्ण झाली म्हणजे डेटा धड आहे असं नाही. भरलेला मजकूर ग्रेपने शोधला, एका फोटोत सापडला. त्याची कागदी प्रत अल्बममध्ये होती, पुन्हा स्कॅन केला. पण १२ केबी तीन ठिकाणी विखुरलेले होते आणि सापडलं एकच. बाकीची दोन कुठे गेली? इथे ती मर्यादा. घ गैरहजर असल्यामुळे तिच्यावरचा डेटा क, ख, ग यांच्या बेरजेतून काढला जातो. ग वरची खराब जागा त्या बेरजेत आली असेल तर माझा खुणेचा मजकूर बाकीच्या बिटांत मिसळून ओळखू येईनासा होतो. ग्रेपला तो दिसत नाही.

सुदैवाने मामांनी ओव्या फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवणाऱ्या फाइलींत, ठेवल्या होत्या. फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा साधारणतः साठवलेला असतो. फ्लॅक कमांडला टी पर्याय दिला की ती पूर्ण फाइल उलगडून ठसा जुळतो का ते सांगते. रात्रभर सगळ्या फाइली तपासल्या. एक नापास. तिसरी जागा कुठल्या फाइलीत नव्हतीच, रिकाम्या भागात पडली असावी.

नापास झालेली फाइल ऐकली. आजी दळतेय, जात्याची घरघर, आणि ओवीच्या तिसऱ्या चरणात खर्र करून आवाज तुटतो. पुन्हा येतो तेव्हा पुढचा चरण. मामा म्हणाले, "राहू दे रे, एवढं आलं ते काय कमी आहे?"

तेव्हा घ आठवली. ती फेब्रुवारीत थांबली होती, पण ही कॅसेट मामांनी दोन वर्षांपूर्वी उतरवली होती आणि नंतर त्या फाइलीला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे त्या तुकड्यापुरती घ शिळी नव्हती. क, ख आणि घ यांच्यात तो तुकडा जसाच्या तसा असायला हवा होता, आणि त्यासाठी ग ची गरजच नव्हती. नव्या केबलवर घ जोडली, ब्लॉकडेव्हने फक्त वाचण्यापुरती केली, वर ओव्हरले टाकला. क आणि ख ला कोरे ओव्हरले दिले आणि तिघींना पुन्हा फोर्सने जुळवलं. ही जुळवणी फेब्रुवारी-जूनची खिचडी आहे हे ठाऊक होतं, माउंट होईल याचीही खात्री नव्हती. झालं. अलीकडचे फोल्डर वेडेवाकडे दिसत होते, त्यांना हात लावला नाही. ओव्यांच्या फोल्डरमधली ती एक फाइल उचलली, अ‍ॅरे थांबवला.

फ्लॅक, टी पर्याय, एंटर. "ओके."

मामांना फोन लावला आणि काही न बोलता स्पीकरसमोर धरला. तिसरा चरण सलग गेला, चौथा आला, मागे कुणीतरी मूल रडत होतं. "तो मी आहे," मामा म्हणाले.